न सोडलेली जागा

६ एप्रिल

आत्या,

दिवसभर कोर्टात दुसऱ्यांचं ऐकून संध्याकाळी तुझे कान संपावर जातात हे मला ठाऊक आहे, म्हणून फोन न करता कागद पाठवतेय. शिवाय आमचा फोन दुकानातल्या काउंटरवर, आणि बाबा गोळ्या मोजून देतानाही एक कान माझ्याकडे ठेवतात.

बातमी अशी की मला दोन्हीकडे प्रवेश मिळाला. एक गावातलं विद्यापीठ, बसने वीस मिनिटं. दुसरं राजधानीतलं, आगगाडीने अकरा तास. दोन्हीकडे राज्यशास्त्र. पत्रं आली त्या दिवसापासून घरात युद्ध पेटलंय.

बाबांचं म्हणणं तुला न सांगता कळेल, तुझाच धाकटा भाऊ. "गावातल्या विद्यापीठाला लॉ कॉलेज जोडलेलं आहे. तीन वर्षं नाकासमोर चाल, चौथ्या वर्षी समोरच्या इमारतीत शिर, झालीस वकील. राजधानीत पदवीनंतर पुन्हा हजारोंशी टक्कर. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागतं?" एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले. रक्तदाबाच्या गोळ्या नेणाऱ्या एका वकिलांशी त्यांनी बोलूनही ठेवलंय. दर सुट्टीत मी त्यांच्या ऑफिसात इंटर्नशिप करायची. म्हणजे झेरॉक्स काढायच्या आणि फायलींना दोरे बांधायचे.

मला राजधानीतच जायचंय. तिथे दुसऱ्या वर्षी एक सत्र कायदेमंडळाच्या समितीच्या कार्यालयात काम करता येतं. कायदा तयार होताना बघायला मिळतो, आत्या! झाल्यावर तर सगळेच बघतात. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "औषध तयार होताना मी कुठे बघितलंय? विकतो ना?" आईला विचारलं तर दोघांचंही बरोबर आहे म्हणते. ती पीठ मळताना कुणालाही हेच सांगते.

तू एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो आहेस. वकील, साक्षीदार, न्यायाधीश, सगळ्यांचं बोलणं तुझ्या बोटांखालून गेलंय. वकिलाला राज्यशास्त्राचा काही उपयोग असतो का, खरं सांग. राजधानीला १५ मेपर्यंत होकार कळवायचाय, नाहीतर जागा गेली.

तुझी भाची

१४ एप्रिल

प्रिय भांडकुदळ,

अभिनंदन, दोन वेळा. एका विद्यापीठाचं एक.

मी कुणाची बाजू घेत नाही. माझी खुर्ची एकतीस वर्षं दोन बाजूंच्या बरोबर मध्ये आहे, आता मान कुणीकडे वळतच नाही. पण विचारलंस म्हणून सांगते. काही वकिलांना कलम पाठ असतं. ते घडाघडा म्हणतात आणि खाली बसतात. काहींना ते कलम कुणी लिहिलं, कशाला घाबरून लिहिलं आणि कुणाच्या सोयीसाठी लिहिलं हेही माहीत असतं. ते बोलायला लागले की न्यायाधीशसाहेब पेन खाली ठेवतात. ही समज राज्यशास्त्रानं येते की केस पांढरे झाल्यावर, ते मात्र मला ठाऊक नाही.

माहितीपुस्तिकेवर विश्वास ठेवू नकोस. ते वकिलाचं भाषण झालं, पुरावा नव्हे. दोन्हीकडे सरळ विचार, की किती मुलांनी लॉ कॉलेजसाठी अर्ज केले आणि किती जणांना मिळालं. नुसता दुसरा आकडा सांगितला तर पहिला मागून घे. इंटर्नशिप मागणाऱ्याला मिळते की ओळखीच्याला, आणि तिथे बसायला खुर्ची देतात की दाराशी उभं करतात? आणि शिकवणाऱ्यांत तुझ्याशी वाद घालणारं कुणी आहे का तेही बघ. नसेल तर तू आठवड्याभरात आजारी पडशील, आणि तुझ्या बापाकडे त्यावर गोळी नाही.

इथे सगळं ठीक. साहेबांना सर्दी झाली आहे, त्यामुळे साक्षीदार जरा कमी घाबरतात.

आत्या

२५ एप्रिल

आत्या,

तुझे प्रश्न घेऊन गावातल्या विद्यापीठात जाऊन आले. बाबा सोबत होते, इस्त्रीचा शर्ट घालून. जणू प्रवेश त्यांनाच घ्यायचा होता. तिथे भिंतीवर मोठा फलक आहे, लॉ कॉलेजात गेलेल्यांचे फोटो. मी खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, "अर्ज किती जणांनी केला होता?" तो म्हणाला, "ताई, न गेलेल्यांचा फोटो कोण लावणार?" बाबांनी माझा कोपर दाबला. मी पुन्हा विचारलं. शेवटी आतून एक वही आली. एकशे चाळीस अर्ज, एकवीस जागा. समोरची इमारत आहे खरी, पण तिचं दार आपोआप उघडत नाही. बाबांना हे नव्यानं कळलं, तरी बसमध्ये म्हणाले, "एकवीस म्हणजे काही कमी नाही."

राजधानीतल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनंही माझ्या पत्राला उत्तर दिलं. लपवाछपवी नाही. समितीच्या कार्यालयात पैसे मिळत नाहीत, पहिला महिना नुसती लोकांची निवेदनं विषयवार लावण्यात जातो, आणि पदवीनंतर लॉ कॉलेजसाठी परीक्षा चुकत नाही. पण ती लिहिते, "समितीच्या बैठकीत भिंतीशी खुर्ची असते. एकदा एका निवेदनाचा क्रमांक कुणालाच सापडेना, तेव्हा सगळे माझ्याकडे वळले." मला ती खुर्ची हवी आहे.

रात्री जेवताना मी हे ताटावर मांडलं. बाबा म्हणाले, "तिकडे तुला कुत्रंही ओळखत नाही. इथे अर्धं गाव माझ्या हातून औषध नेतं." मी म्हटलं, "मला तुमच्या ओळखीवर जगायचं नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला, मान्य. पण शब्द परत घेणार नाही. ते म्हणाले, "मी बघतो तू कशी जातेस." मी म्हटलं, "बघा."

काल सकाळी राजधानीला होकार पाठवला. स्वतः टपाल कचेरीत जाऊन, पोचपावती घेऊन. बाबांनाही सांगितलं. ते काही बोलले नाहीत, याचंच नवल वाटतंय.

भाची

३० एप्रिल

बाळ,

तुझं पत्र पोचलं. माझं डोकं दुखतंय, म्हणून थोडक्यात.

होकार पाठवलास तो टपालानंच ना? त्यांच्याकडून पोचल्याचं पत्र आलं का? आलं की कळव. गावातल्या विद्यापीठाचाही विचार अगदीच सोडून देऊ नकोस. एकवीस जागा म्हणजे खरंच कमी नाहीत, आणि तू हुशार आहेस. आमच्या कोर्टात तरुण वकील मुली वर्षानुवर्षं बाकावर बसून असतात. त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. मी रोज बघते.

धाकट्याचा फोन आला होता. तुझी काळजी करतो तो.

आत्या

११ मे

आत्या,

आज तुला नमस्कार नाही.

राजधानीहून पत्र आलं. "आपल्या विनंतीनुसार आपला प्रवेश रद्द करण्यात आला आहे." सोबत माझ्या 'विनंती'ची प्रत. मी ती दारातच उभ्यानं वाचली. घरगुती अडचणीमुळे मी जागा सोडत आहे म्हणे. खाली माझं नाव आणि सही. सही कुणाची ते सांगायला तज्ज्ञ नको. शेवटचं अक्षर झुरळाच्या मिशीसारखं वर गेलंय, बाबा औषधाच्या पाकिटावर 'दिवसातून तीनदा' लिहितात तसं.

पण ते अक्षर बघायच्या आधी मी टायपिंग बघितलं. चार ओळींच्या पत्राला परिच्छेद एक, परिच्छेद दोन, परिच्छेद तीन असे आकडे कोण घालतं? डावीकडे चार बोटं जागा कोण सोडतं? माझ्या प्रत्येक वाढदिवसाचं पत्र असं येतं. मागच्या वर्षी परिच्छेद दोनमध्ये तू मला 'दीर्घायुषी हो' म्हणाली होतीस.

बाबांना विचारलं. त्यांनी नाकारलंही नाही. लेबलं चिकटवत म्हणाले, "कुणी चुकीचं औषध मागितलं तर मी देत नाही. बदलून योग्य ते देतो. इतकंच केलं." मी म्हटलं, "मी गिऱ्हाईक नाही." दुकानात दोघंजण उभे होते. सगळ्यांनी ऐकलं, बरं झालं.

बाबांचं मी समजू शकते. ते पहिल्यापासून समोरून विरोध करत होते. तू मात्र मला प्रश्न लिहून दिलेस, मला तुझ्यासारखं विचार करायला लावलंस, आणि मग माझ्याच नावानं माझी जागा सोडून दिलीस. ३० तारखेला तुझं डोकं कशानं दुखत होतं ते आता कळलं.

काय म्हणायचंय ते लिही. लिहायचं नसेल तर तसंच कळव.

१४ मे

बाळ,

सांगते.

२७ तारखेला संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, एक पत्र घे." या शब्दांवर माझी बोटं एकतीस वर्षं चालत आली आहेत. तो सांगत गेला, मी टिपत गेले, रात्रीच टाईप केलं आणि सकाळी त्याला पाठवून दिलं. दुसऱ्यानं सांगितलेलं उतरवताना आम्ही अर्थाकडे बघत नाही. बघायला लागलो तर हात अडखळतो. मी किती खुनांचे जबाब टाईप करून मग डबा खाल्लाय.

पण हा बचाव तुझ्यापुढे टिकणार नाही, आणि माझ्यापुढेही टिकला नाही. दुसऱ्या परिच्छेदाशी मला कळलं होतं की हे पत्र तुझ्या नावानं आहे आणि तुला विचारलेलं नाही. तिथे थांबता आलं असतं. मी थांबले नाही. का, तेही सांगते. मला तुझा हेवा वाटला. मी या खुर्चीत बसून अर्ध्या वकिलांपेक्षा जास्त कायदा ऐकलाय, पण कधी कुणी वळून विचारलं नाही, "बाई, तुम्हाला काय वाटतं?" आणि तुला अठराव्या वर्षी समितीच्या बैठकीत खुर्ची मिळणार. ते मला बघवलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं हेच आहे.

काल मी प्रतिज्ञापत्र करून राजधानीच्या विद्यापीठाला पाठवलं. आमच्याच कोर्टातल्या अधिकाऱ्यासमोर शपथ घेतली. मजकूर असा, की पत्र भावाच्या सांगण्यावरून मी टाईप केलं, अर्जदाराला माहीत नव्हतं, आणि हे मला ठाऊक होतं. सही कुणी केली ते मी पाहिलेलं नाही, म्हणून लिहिलेलं नाही. पाहिलेलं तेवढंच लिहायचं. अधिकाऱ्यानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "बाई, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. घरी जाऊन विचार करा." मी म्हटलं, विचार करूनच आलेय. शिक्का मारा.

क्षमा मागत नाही. आधी जागा परत येऊ दे.

आत्या

१९ मे

आत्या,

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण आता राग करत बसायला वेळ नाही.

विद्यापीठाचं पत्र आलं. २६ तारखेला प्रवेश समितीपुढे सुनावणी आहे. त्यांच्या ऑफिसात फोन केला, काउंटरवरून, बाबांच्या देखत. तिथले कारकून भले गृहस्थ. म्हणाले, "तुमच्या आत्यांच्या कागदामुळे घोडं अडलंय. त्यांना ठाऊक होतं म्हणजे ही फसवणूक झाली, सही खोटी झाली. मग समिती सांगणार, सही करणाऱ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करा, मग बघू. त्याऐवजी बाईंनी नवा कागद दिला, की गैरसमजानं, नकळत टाईप झालं, तर ती कारकुनी चूक ठरते. एका दिवसात जागा परत."

बाबांविरुद्ध मी पोलिसांत जाणार नाही. त्यांच्याशी भांडेन, जन्मभर भांडेन, पण ते घरात, समोरासमोर. म्हणून एकच शब्द दे. 'नकळत'. त्यात माझी जागा वाचते, बाबा वाचतात, तुझी नोकरीही वाचते. कुणाचं काही बिघडत नाही. मीच सांगतेय म्हणजे माझी हरकत नाही हे तर उघड आहे.

लगेच पाठव. सात दिवस आहेत.

भाची

२२ मे

प्रिय भांडकुदळ,

नाही.

वकील व्हायला निघालीस आणि पहिल्याच प्रकरणात साक्षीदाराला काय बोलायचं ते पढवतेस? शपथेवर लिहिलेलं मी फिरवणार नाही. शब्द एकच आहे म्हणतेस. बाळ, मी एका शब्दानं माणसं सुटताना आणि अडकताना पाहिली आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलं. हा एक कागद माझा आहे. तो मी तुझ्यासाठीसुद्धा बदलणार नाही.

आमच्या ऑफिसची नोटीस आली आहे, खुलासा द्या म्हणून. अधीक्षकांनी दयाबुद्धीनं मसुदाही सांगायला सुरुवात केली. त्यातही तुझाच लाडका शब्द होता. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ते दोनदा थांबले, मग म्हणाले, "घेताय ना?" मी म्हटलं, "साहेब, हे माझं म्हणणं नाही." एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत कुणीतरी मला विचारलं, "मग तुमचं काय आहे?" सांगितलं. चौकशी होईल. होऊ दे. चौदा महिने म्हणजे काही जन्मठेप नव्हे.

मागे लिहिलं होतं की मी बाजू घेत नाही. आता घेते, तुझी. म्हणून खोटं देत नाही. तुला जागा भीक म्हणून मिळाली, कुणाच्या चुकीवर पांघरूण घालून मिळाली, तर तीन वर्षं तू त्या खुर्चीत अंग चोरून बसशील.

विद्यापीठाच्या नोटिशीच्या मागे बारीक अक्षरात नियम छापलेले असतात. कारकून भला असो की बुरा, त्याचं ऐकण्याआधी ते वाच. सगळे. मग तुझ्या फायलीत त्यांच्याकडे काय काय आहे ते आठव. बाकी मी सांगणार नाही. तुझं प्रकरण, तू चालव.

आत्या

२८ मे

आत्या,

तुझं पत्र वाचून मी ते चुरगाळलं. मग सरळ केलं. मग नोटिशीची मागची बाजू वाचली, भिंग लावून. नियम नऊ: उमेदवारानं स्वतःच्या सहीनं लेखी कळवलं, तरच प्रवेश मागे घेतला असं समजावं.

गाडीत अकरा तास तेवढाच नियम तोंडात घोळवत होते. समोरच्या बाईंनी शेवटी विचारलं, "परीक्षा आहे का?"

लांब टेबल, तिघं जण, मधोमध अध्यक्षबाई. कोपऱ्यात टायपिस्ट. बसायला खुर्ची होती, पण मी उभीच राहिले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्या आत्यांनी सगळं कबूल केलंय. आता सही कुणाची ते सांगा, तक्रार करा, म्हणजे आम्हाला जागा परत देता येईल."

मी म्हटलं, "सही माझी नाही, एवढंच सांगायला मी आलेय. कुणाची आहे ते सांगणार नाही आणि तक्रारही करणार नाही."

"मग आम्ही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

"माझ्यावर नको. तुमच्या फायलीवर ठेवा. माझ्या प्रवेश अर्जावर तीन सह्या आहेत, मुलाखतीच्या हजेरीवर एक, होकाराच्या पत्रावर एक. ही सहावी त्यांच्याशेजारी ठेवा."

त्यांनी ठेवली. तिघंही वाकले. एकजण हसलाच, झुरळाच्या मिशीला.

मग मी नियम नऊ वाचला. म्हटलं, "स्वतःच्या सहीनं कळवलं तरच प्रवेश मागे घेतला असं होतं. मी कळवलं नाही, म्हणजे मागे घेतलाच नाही. मग परत द्यायचा प्रश्न कुठे येतो? दुसऱ्या कुणी काय केलं तो वेगळा विषय. त्यासाठी माझी जागा ओलीस का?" माझा आवाज चढला होता. खाली आणला नाही.

त्यांनी मला बाहेर बसवलं. पाऊण तास. आत बोलावलं तेव्हा निर्णय तयार होता. प्रवेश कायम. पण कायदेमंडळाच्या समितीच्या कार्यालयातल्या इंटर्नशिपची यादी १५ मेच्या होकारांवरून आधीच लागली. पुढल्या वर्षीची ती खुर्ची गेली, आता तिसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. हे ऐकून मला रडू आलं, तुला खोटं कशाला सांगू. पण मी तिथे रडले नाही.

मग टायपिस्टनं सहीसाठी कागद पुढे केला. त्यावर होतं: 'अर्जदाराने जागा परत देण्याची विनंती केली, ती समितीने मान्य केली.' मी म्हटलं, "मी विनंती केली नाही. आणि जागा परतही मिळाली नाही, ती माझ्याकडेच होती." तो म्हणाला, "ताई, अशीच भाषा असते." मी म्हटलं, "अशी असेल तर सही होणार नाही." त्यानं अध्यक्षबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बदला." त्यानं कागद ओढून काढला, दुसरा घातला, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला तू आठवलीस. 'अर्जदाराने प्रवेश मागे घेतलेला नाही, असे समितीस दाखवून दिले.' मग सही केली.

तुझा कागद मी बदलायला सांगितला होता, त्याबद्दल माफ कर. तूही माझी क्षमा अजून मागितलेली नाहीस. जागा आली आहे, आता माग. मी लगेच देणार नाही, पण माग.

घरी पोचले तेव्हा बाबा काउंटरवर होते. गिऱ्हाईक नव्हतं. "काय झालं?" म्हणाले. मी निर्णयाची प्रत समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि शेवटच्या ओळीशी थांबले.

"माझं नाव कुठे नाही," म्हणाले.

"मी घेतलं नाही."

मग खाली बोट ठेवून म्हणाले, "ही तुझी सही?"

"हो," मी म्हटलं. "ही माझी सही, बाबा. नीट बघून ठेवा."

त्यांनी मान वर केली नाही. आणि त्यांचं बघून होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

तुझी भाची